बंद खोल्या आणि मुलांचा हक्क

आईवडील गमावलेले एक मूल एका प्रचंड, जुन्या घरात येऊन पडते. घरात कुलूपबंद खोल्या असतात, काढायचे नाहीत असे विषय असतात आणि रात्री कुठून तरी आवाज येतो. विचारले तर मोठी माणसे सांगतात, वारा असेल. मुलाचे समाधान होत नाही. ते कान देऊन ऐकते, नोकरांना प्रश्न विचारते, मनाई असलेल्या बोळात शिरते आणि शेवटी दार उघडते. नऊ ते बारा-तेरा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेल्या इंग्रजी रहस्यकादंबऱ्यांत ही मांडणी शंभराहून अधिक वर्षे टिकून आहे. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांची ‘द सिक्रेट गार्डन’ १९११ साली आली, जोन एकेन यांची ‘द वुल्व्ह्ज ऑफ विलोबी चेस’ १९६२ साली. डॅनियल हँडलर यांनी लेमनी स्निकेट या टोपणनावाने लिहिलेली ‘अ सिरीज ऑफ अनफॉर्च्युनेट इव्हेंट्स’ ही तेरा पुस्तकांची मालिका १९९९ ते २००६ या काळात प्रसिद्ध झाली. काळ बदलला, लिहिण्याची तऱ्हा बदलली; अनाथ मूल, मोठे घर आणि लपवलेली गोष्ट या तिन्ही मात्र राहिल्या.

एखादी मांडणी इतकी टिकते तेव्हा तिच्यामागे निव्वळ युक्ती नसते. माझे म्हणणे असे की या कादंबऱ्यांचा खरा विषय भुते, खजिना किंवा मृत्युपत्र हा नाहीच. मोठ्यांनी मुलांपासून काय लपवावे, हा त्यांचा विषय आहे आणि त्यांचे उत्तर ठाम आहे. मुलाच्या स्वतःच्या आयुष्याशी जिचा संबंध आहे, अशी गोष्ट त्याच्यापासून लपवण्याचा अधिकार कुणालाही नाही. हे उत्तर आपल्या घरांनीही गंभीरपणे ऐकावे असे मला वाटते.

‘द सिक्रेट गार्डन’ मधली मेरी लेनॉक्स हिंदुस्थानात जन्मलेली, इंग्रज अधिकाऱ्याची मुलगी. आईला मुलगी नको होती, म्हणून ती आयाच्या हाती वाढलेली. एके दिवशी बंगल्यात पटकीची साथ शिरते. आया मरते, नोकर मरतात, काही पळून जातात, आईवडीलही जातात. या सगळ्यात मेरीला कुणी काहीच सांगत नाही. ती आपल्या खोलीत लपून बसते, झोपते, उठते आणि कुणी का येत नाही म्हणून चिडते. अखेर घरात शिरलेल्या एका तरुण अधिकाऱ्याच्या तोंडून तिला कळते की येण्यासारखे कुणी उरलेलेच नाही. कादंबरीतले पहिले रहस्य हे आहे. ते मेरी पुढे जिथे जाते त्या यॉर्कशायरच्या हवेलीत नाही, हिंदुस्थानातल्या एका रिकाम्या बंगल्यात आहे. सगळ्या घराला ठाऊक असलेली गोष्ट, जिच्यावर ती कोसळली त्या नऊ वर्षांच्या मुलीलाच ठाऊक नाही.

पुढे मेरी यॉर्कशायरला काकांच्या घरी, मिसलथ्वेट मॅनरमध्ये पोचते. सहाशे वर्षांचे घर, शंभराच्या आसपास खोल्या आणि त्यांतल्या बहुतेक बंद. काका आर्चिबाल्ड क्रेवन कुणाला भेटत नाहीत. बायको झाडावरून पडून वारली, म्हणून तिची आवडती बाग त्यांनी दहा वर्षांपूर्वी कुलूप लावून बंद केली आणि किल्ली पुरून टाकली. मेरीला रात्री रडण्याचा आवाज ऐकू येतो. मोलकरीण मार्था म्हणते, वारा आहे. घर सांभाळणाऱ्या मिसेस मेडलॉक तिला दंडाला धरून खोलीत परत नेतात आणि कान उपटण्याची धमकी देतात. मेरी मात्र आपल्या कानांवर विश्वास ठेवते. एका रात्री मेणबत्ती घेऊन ती त्या आवाजामागे जाते, आणि तिला सापडतो कॉलिन. तिच्याच वयाचा, तिचाच आतेभाऊ, या घराचा वारस. तो घरात आहे हे तिला कुणी सांगितलेले नव्हते आणि ती घरात आहे हे त्यालाही नाही.

या भेटीनंतर बर्नेट यांनी जे लिहिले आहे, त्यामुळे ही कादंबरी मला साध्या रहस्यकथेहून मोठी वाटते. कॉलिन आजारी का आहे? त्याच्या पाठीला बाक येणार आणि तो फार जगणार नाही, अशी कुजबुज त्याने पांघरुणातून ऐकलेली आहे. त्याच्याशी थेट कुणीच बोललेले नाही. लंडनहून आलेल्या एका नामांकित डॉक्टरने पाठीचा लोखंडी पट्टा काढायला लावला आणि मुलाला मोकळ्या हवेत न्या असे सांगितले होते. ते मागेच पडले. घरचा डॉक्टर वडिलांचा नातलग, मुलगा गेला तर घर त्याच्याकडे जाणार. नोकरांना मुलाच्या आरडाओरड्याची भीती. वडील मुलगा झोपलेला असताना येऊन पाहून जाणारे. प्रत्येक जण आपापल्या कारणाने गप्प, आणि त्या गप्प बसण्यातून मुलाच्या मनात स्वतःच्या मरणाचे एक पक्के चित्र तयार झालेले. तो आकांत करतो त्या रात्री मेरी त्याला गोंजारत नाही. नर्सला सांगून ती त्याची पाठ उघडी करायला लावते, मणका न् मणका नीट पाहते आणि त्याला बजावून सांगते की इथे टेंगूळ नाही. दहा वर्षांत त्या घरातल्या एकाही मोठ्या माणसाने न केलेली गोष्ट एका मुलीने केली. पाहिले, आणि पाहिलेले खरे सांगितले. या कादंबरीतला शोध तिथे पुरा होतो. बाग नंतर फुलते.

बर्नेट यांच्या आयुष्यात या प्रसंगाची दुसरी बाजू सापडते. त्यांचा मोठा मुलगा लायनेल १८९० साली पॅरिसमध्ये क्षयाने गेला. नऊ महिन्यांच्या आजारपणात आपण त्याला आजाराचे नाव कळू दिले नाही, तो धोक्यात आहे हेही कळू दिले नाही, असे त्यांनी स्वतः पत्रात लिहून ठेवले आहे. त्या आईला दोष देण्याचा कुणाला अधिकार नाही. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. पण वीस वर्षांनी त्याच बाईंनी जी कादंबरी लिहिली, तिच्यात आजारी मुलाभोवतीची चुप्पीच त्याला आजारी करते आणि स्पष्ट शब्द त्याला उभे करतात. लपवण्यामागे किती माया असू शकते, हे ज्यांनी भोगले होते त्यांनीच हे लिहिले. म्हणून मला ते विश्वासार्ह वाटते.

लपवण्यामागे माया असते तशी लबाडीही असते, आणि पुढच्या लेखकांनी तिला जास्त जागा दिली. एकेन यांच्या कादंबरीत बॉनी आणि तिची चुलत बहीण सिल्व्हिया भिंतीतल्या चोरवाटेतून पाहतात, तर नवी गव्हर्नेस मिस स्लायकार्प घरातले कागदपत्र नष्ट करत असते. हँडलर यांच्या मालिकेतली बोदलेअर भावंडे, चौदा वर्षांची व्हायोलेट, बारा वर्षांचा क्लाउस आणि तान्ही सनी, आईवडील आगीत गेल्यावर काउंट ओलाफच्या हाती पडतात. त्याचा डोळा त्यांच्या संपत्तीवर. नाटकाचा देखावा करून व्हायोलेटशी कायदेशीर लग्न लावायचा त्याचा बेत क्लाउस कायद्याचे पुस्तक रात्रभर वाचून ओळखतो आणि व्हायोलेट सही डाव्या हाताने करून तो उधळते, कारण कायद्याला सही तिच्या स्वतःच्या हातची हवी आणि तिचा लिहिता हात उजवा. त्या मुलांचा कारभार पाहणारा बँकेतला गृहस्थ दुष्ट नाही. तो फक्त मुलांचे ऐकत नाही, बोलू लागली की त्याला खोकला येतो, घाई असते. या मालिकेतली खरी भीती मला ओलाफपेक्षा या सभ्य माणसात जास्त दिसते. दुष्ट माणूस मुलांना फसवतो, आणि सभ्य माणसे मुलांचे ऐकून घेत नाहीत म्हणून ती फसवणूक तडीला जाते.

इथे एक आक्षेप रास्त आहे. मुले अनाथ असल्याशिवाय हे सांगता येत नाही का? आईवडिलांना पहिल्याच प्रकरणात मारून टाकणे ही लेखकाची सोय नव्हे का? सोय आहेच. घरात जागरूक आई असेल तर दहा वर्षांचे मूल मध्यरात्री मेणबत्ती घेऊन बोळातून फिरू शकत नाही. आपल्याकडे भा. रा. भागवतांनाही ही अडचण होती. त्यांनी फास्टर फेणेचे, म्हणजे बन्याचे, आईवडील जिवंत ठेवले, पण त्यांना फुरसुंगीला ठेवून बन्याला शिकायला पुण्यात आणले. मुलाला मोकळे सोडायचे तर पालक दूर हवेत, एवढे दोन्हीकडे सारखे आहे. फरक पुढे सुरू होतो. फास्टर फेणे बाहेरच्या जगातले गुन्हेगार शोधतो, संध्याकाळी परतायला त्याला एक निर्धास्त जागा आहे. हवेलीतल्या अनाथ मुलाला तशी जागा नाही. ते जिथे झोपते तिथेच रहस्य आहे आणि त्या रहस्याचे उत्तर म्हणजे त्याचे स्वतःचे नाव, वारसा, आई कशी गेली याची हकीकत. बाहेरचा गुन्हा शोधणे हे साहस आहे. आपल्याच आयुष्याची माहिती आपल्याला शोधून काढावी लागणे हा अन्याय आहे. अनाथपणाची जागा या कादंबऱ्यांत म्हणून अटळ ठरते.

आणि हा अन्याय लेखकांनी कल्पनेतून काढलेला नाही. लंडनमध्ये टॉमस कोरम यांच्या प्रयत्नांनी १७३९ साली फाउंडलिंग हॉस्पिटल या सोडून दिलेल्या मुलांच्या संस्थेला राजाची सनद मिळाली आणि १७४१ पासून तिथे मुले घेतली जाऊ लागली. माता बाळ सोडताना कापडाचा तुकडा, नाणे, एखादा दागिना अशी खूण ठेवत, कधी काळी परत येऊन मूल ओळखता यावे म्हणून. संस्था मुलाचे नाव बदलून नव्या नावाने बाप्तिस्मा करी आणि ती खूण नोंदीसोबत बंद करून ठेवी. मूल त्याच संस्थेत वाढे, पण आपल्या आईने आपल्यासाठी काय ठेवले होते ते त्याला दिसत नसे. बंद खोलीतले रहस्य इथे सरकारमान्य कागदात होते.

त्याहून अलीकडची गोष्ट अधिक जिव्हारी लागणारी आहे. ब्रिटनमधल्या संस्थांनी हजारो मुले कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि इतर वसाहतींत पाठवली. ऑस्ट्रेलियाला हे विसाव्या शतकाच्या साठीच्या दशकापर्यंत चालू होते. त्यांतल्या अनेकांना सांगण्यात आले की तुमचे आईवडील वारले. पुष्कळांच्या बाबतीत ते खोटे होते. नॉटिंगहॅमच्या सामाजिक कार्यकर्त्या मार्गारेट हम्फ्रीज यांनी १९८७ मध्ये चाइल्ड मायग्रंट्स ट्रस्ट स्थापन केला आणि चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या माणसांच्या हयात माता शोधून काढायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने २००९ मध्ये आणि ब्रिटनच्या सरकारने २०१० मध्ये जाहीर माफी मागितली. या माणसांनी सांगितलेल्या दुःखात मारहाण आहे, उपास आहे, एकटेपण आहे. पण आपण कोण हे आपल्यापासून लपवले गेले, ही वेदना त्यांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येते. ज्यांना अनाथांच्या रहस्यकथा अतिरंजित वाटतात त्यांनी हा इतिहास समोर ठेवावा. प्रत्यक्षात जे घडले ते कादंबरीकारांनी सौम्य करून सांगितले आहे.

या कादंबऱ्यांची बाजू घेताना त्यांची मर्यादाही सांगितलीच पाहिजे, कारण भारतीय वाचकाला ती पहिल्याच पानावर भेटते. मेरीला वाढवणारी आया पटकीने मेली. तिचे नाव कादंबरीत नाही. मेरी तिच्यासाठी रडत नाही. त्या बंगल्यातले नोकर मेले, त्यांचीही मुले अनाथ झाली असतील; त्यांच्यासाठी बोट निघाली नाही, यॉर्कशायरचे काका नव्हते. मार्थाला वाटले होते की हिंदुस्थानातून येणारी मुलगी काळी असेल. यावर मेरी संतापते आणि तिथली माणसे म्हणजे माणसेच नव्हेत, सलाम करणारे नोकर आहेत, असे बोलून जाते. पुढे कॉलिनला झोप येत नाही तेव्हा ती त्याला हिंदुस्थानी अंगाई म्हणते, आयाकडून शिकलेली. त्या अनाम बाईचे गाणे एका इंग्रज वारसाला निजवते, आणि तरीही ती कोण होती हे विचारावेसे कुणाला वाटत नाही. शोध घेणारी मुलगी मालकाच्या घरातल्या सगळ्या खोल्या उघडते, ही एक खोली तिला दिसतच नाही.

वर्गाचेही तेच. शंभर बंद खोल्यांच्या त्या घरापासून काही मैलांवर मार्थाची आई सुझन सॉवर्बी आठवड्याच्या सोळा शिलिंगांत बारा मुलांचा संसार रेटते. मेरीला दोरीवरच्या उड्यांची दोरी तीच घेऊन पाठवते आणि क्रेवनला घरी परत या असे पत्रही तीच लिहिते. घर दुरुस्त होते ते गरिबांच्या शहाणपणामुळे, पण शेवटी उजेडात चालत येतो तो वारस. शोध लावणारी मेरीसुद्धा अखेरच्या प्रकरणांत मागे सरते. इंग्रजी परंपरेतली हवेली अशा रीतीने सत्य सांगते आणि मालकी मात्र जिथल्या तिथे ठेवते. म्हणून ही पुस्तके मुलांच्या हाती देताना मोठ्यांनी सोबत बसून एक प्रश्न विचारला पाहिजे की यात कुणाचे रहस्य सोडवलेच नाही? पुस्तक मुलांना शोधायला शिकवत असेल, तर त्या पुस्तकातही मुलांनी शोधावे.

आता आपल्याकडे पाहू. मराठी बालसाहित्याच्या केंद्रस्थानी आई आहे. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ने (१९३५) ती जागा पक्की केली, आणि ते पुस्तक मोठेच आहे. पण त्या मायेच्या प्रकाशात अनाथ मूल आपल्याला फक्त एकाच रूपात दिसू लागले, दयेला पात्र म्हणून. सिंधुताई सपकाळ यांना आपण अनाथांची माय म्हटले, ते त्यांच्या कामाला शोभणारेच होते. अशा मुलाला माय हवी, छप्पर हवे, हे आपल्याला कळते. त्याला माहितीही हवी असते, त्याचे प्रश्न असतात, आपली हकीकत जाणून घेण्याचा त्याला हक्क असतो, हे कमी कळते. महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये अनाथांसाठी नोकरी आणि शिक्षणात एक टक्का आरक्षण ठेवले, आणि २०२१ मध्ये कोविडमुळे दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे पाच लाख रुपयांची ठेव ठेवण्याचा निर्णय घेतला. दोन्ही निर्णय योग्य होते. पण कोविडच्या दोन वर्षांत किती घरांत मुलांना आठवडेच्या आठवडे ‘बाबा दवाखान्यात आहेत’ एवढेच सांगितले जात होते, हे आपण सगळ्यांनी आसपास पाहिले आहे.

आपल्या घरांत ‘मुलांसमोर नको’ हे वाक्य जितके बोलले जाते तितके क्वचितच दुसरे बोलले जात असेल. मयत झाली की मुलांना शेजारी पाठवतात. आजी देवबाप्पाकडे गेली म्हणतात. आजाराचे नाव घेत नाहीत, फक्त इंग्रजी आद्याक्षरे बोलतात. भावाभावांत वाटणीवरून अबोला धरला जातो आणि काकांकडे का जायचे नाही ते चुलत भावंडांना कळत नाही. दत्तक घेतलेल्या मुलाला ते सांगायचे की नाही यावर घरे वर्षानुवर्षे अडून राहतात, आणि मग एखाद्या लग्नात कुणी नातलग ते सहज बोलून जातो. या बाबतीत कायदा घरापेक्षा पुढे आहे. केंद्राच्या दत्तक नियमावलीत मुळांचा शोध घेण्याची तरतूद आहे. अठरा वर्षांनंतर दत्तक व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते, त्याआधी दत्तक पालकांसह. मुलाला आपला उगम विचारता येतो, हे राज्याने मान्य केले आहे. घराने अजून करायचे आहे.

यावर पालक म्हणतात, मुले घाबरतील. ही काळजी खोटी नाही, पण ती चुकीच्या जागी आहे. मुलाला न कळवल्याने मूल अनभिज्ञ राहत नाही. ते ओट्यापाशी थांबलेले बोलणे पाहते, आईचे सुजलेले डोळे पाहते, फोन घेऊन गॅलरीत जाणारे बाबा पाहते, आणि उरलेल्या जागा स्वतः भरते. कॉलिनने भरल्या तशाच. मूल जे चित्र काढते ते बहुतेक वेळा सत्यापेक्षा भयंकर असते, आणि पुष्कळदा त्यात चूक त्याची स्वतःची असते. मी हट्ट केला म्हणून आई आजारी पडली, असे. खरे कळल्यावर मूल रडेल, पण ते कुणाच्या तरी कुशीत रडेल. न सांगितलेले ओझे मात्र त्याला एकट्याला वाहावे लागते.

सगळे, सगळ्या तपशिलांसह, कुठल्याही वयात सांगावे असे मी म्हणत नाही. किती सांगायचे हे वयावर ठरेल, कसे सांगायचे हे मायेवर ठरेल. खोटे मात्र सांगायचे नाही, आणि मुलाने विचारलेल्या प्रश्नाला ‘वारा आहे’ असे उत्तर द्यायचे नाही. चांगली किशोर-रहस्यकादंबरी हेच पथ्य पाळते. ती मृत्यू लपवत नाही, लोभ लपवत नाही, चांगल्या माणसांचा भित्रेपणाही लपवत नाही. शेवटी दार उघडते तेव्हा आत राक्षस नसतो, बहुधा एक दुःखी किंवा लबाड मोठा माणूस असतो, आणि तेवढ्याला तोंड देण्याची ताकद वाचणाऱ्या मुलात तोवर आलेली असते.

म्हणून मराठी लेखकांना माझी विनंती आहे की असे एक पुस्तक आपल्या मातीतले लिहा. बालगृहात वाढलेली, पुण्या-नाशिकच्या जुन्या वाड्यात नातलगांकडे आलेली, कोकणातल्या बंद घराची किल्ली हाती आलेली मुले इथे आहेत. त्यांना दयेचा विषय करू नका, शोध घेणारी करा, आणि मोलकरणीच्या मुलीलाही त्या शोधात नाव द्या. शिक्षकांना आणि ग्रंथपालांना विनंती आहे की भीती वाटेल म्हणून ही पुस्तके वरच्या फळीवर ठेवू नका. आणि आईवडिलांना एवढेच सांगायचे आहे की तुमच्या घरातही एखादी बंद खोली असेल, तर मुलाने ती एकट्याने शोधून काढण्याआधी तुम्ही त्याचा हात धरून उघडा.